वाफेवर चालणारे ट्रॉलर कसे राबले आणि का बुडाले

प्रश्न असा आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल आणि ग्रिम्सबी या बंदरांतून आइसलँडकडे जाणारे वाफेचे ट्रॉलर, म्हणजे समुद्रतळावरून जाळे ओढणारी मासेमारी जहाजे, पोलादी होते, मजबूत होते आणि खवळलेल्या समुद्रासाठीच बांधलेले होते. मग त्यांतील इतके ट्रॉलर सर्व खलाशांसह नाहीसे कसे झाले? आणि जहाजावर बर्फ साचत असल्याचे डोळ्यांना दिसत असताना तो फोडून टाकणे खलाशांना का जमले नाही?

मी वाफेच्या इंजिनांवर काम शिकलो आणि पुढची तीसेक वर्षे जहाजांची, त्यातही मासेमारी नौकांची, स्थिरता तपासण्यात घालवली. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो. भर समुद्रात नाहीसे झालेल्या या ट्रॉलरांपैकी अनेक फुटले नाहीत, ते उलटले. पोलाद किती जाड आहे हा एक प्रश्न आहे आणि कलंडलेले जहाज परत सरळ होते की नाही हा पूर्णपणे वेगळा प्रश्न आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सफर संपेपर्यंत दर तासाला बदलत असते. ते कसे बदलते हे समजण्यासाठी ही जहाजे काम कशी करीत, हे आधी पाहावे लागेल.

शिडाच्या बोटींनी समुद्रतळावरून जाळे ओढण्याची पद्धत जुनीच होती, पण वारा पडला की काम थांबे. 1877 मध्ये नॉर्थ शील्ड्सच्या विल्यम पर्डी यांनी ‘मेसेंजर’ या बाजूच्या चाकांवर चालणाऱ्या टगबोटीला (दुसरी जहाजे ओढणाऱ्या बोटीला) जाळे बांधून पाहिले आणि वाफेची ओढ काय करू शकते हे किनाऱ्याला कळले. 1881 मध्ये ग्रिम्सबीच्या एका कंपनीसाठी ‘झोडियॅक’ हा मासेमारीसाठीच बांधलेला वाफेचा ट्रॉलर पाण्यात उतरला. 1890 च्या दशकात जाळ्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या जड लाकडी तुळईची जागा दोन पाट्यांनी घेतली. या पाट्या पाण्यातून तिरक्या ओढल्या जातात, पाण्याच्या दाबाने त्या एकमेकींपासून दूर ढकलल्या जातात आणि जाळ्याचे तोंड रुंद होते. आपल्याकडच्या ट्रॉलरवर आजही याच तत्त्वाच्या पाट्या दिसतात. याच दशकात ग्रिम्सबीचे ट्रॉलर आइसलँडच्या पाण्यात जाऊ लागले. घरापासून चार-पाच दिवसांच्या अंतरावर, हिवाळ्यात आणि काळोखात मासेमारी करणे वाफेमुळेच शक्य झाले. वाफेने आणलेला धोकाही तिथेच सुरू होतो.

जहाजाची रचना डोळ्यांसमोर आणा. पुढचा भाग उंच, मागच्या बाजूला इंजिन आणि बॉयलरची खोली, तिच्यावर धुराडे आणि चाकघर, आणि मध्ये मोकळा, मुद्दाम बुटका ठेवलेला डेक. जाळे बाजूने आत घ्यायचे असल्यामुळे मधला कठडा पाण्याच्या जवळ असणे सोयीचे होते. जाळे ओढून घेताना जहाज थांबवून त्याची जाळ्याची बाजू वाऱ्याकडे करीत, कारण तसे केले की जहाज वाऱ्याने जाळ्यापासून दूर सरकते आणि जाळे तळाखाली जाऊन जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्यात अडकत नाही. म्हणजे जहाजाची सर्वांत बुटकी बाजू लाटेसमोर आणि इंजिन बंद, अशा स्थितीत खलाशी कठड्याला टेकून हातांनी जाळे खेचत. आपल्या कोळी बांधवांच्या भाषेत ज्याला खोळा म्हणतात तो मासळीने भरलेला जाळ्याचा शेवटचा भाग कप्पीने वर उचलला जाई, एक माणूस त्याच्याखाली वाकून गाठ सोडी आणि मासळी डेकवरच्या फळ्यांच्या कप्प्यांत कोसळे. मग उघड्यावर उभे राहून ती चिरायची, साफ करायची, काळीज तेलासाठी वेगळे काढायचे, मासळी धुऊन खाली बर्फात रचायची, आणि तोवर पुढचे जाळे वर यायची वेळ झालेली असे. चोवीस तासांत अठरा तास काम हा सफरीचा नेहमीचा क्रम होता.

खाली आगवाल्याचे जग होते. आग असलेल्या नळ्यांभोवती पाणी भरलेला मोठा गोल बॉयलर, त्याला लागून तीन सिलिंडरांचे इंजिन, आणि बॉयलरच्या पुढे व बाजूला कोळशाच्या कोठ्या. पहिल्या, लहान सिलिंडरमध्ये वापरलेली वाफ दुसऱ्यात आणि मग तिसऱ्या, सर्वांत मोठ्या सिलिंडरमध्ये पसरत जाते, त्यामुळे त्याच कोळशात अधिक काम होते. तरीही दररोज कित्येक टन कोळसा लागे. दूरच्या सफरीवर कोठ्या पुऱ्या पडत नसत, म्हणून मासळीच्या तळघरातही कोळसा भरीत, तो आधी जाळीत आणि मग तळघर घासून धुऊन त्यात मासळी ठेवीत.

इथे थोडे थांबतो, कारण सगळ्या प्रश्नाची किल्ली या वजनांत आहे. बॉयलर, इंजिन आणि भरलेल्या कोठ्या ही सारी वजने तळाशी असतात. त्यामुळे बंदरातून निघालेले जहाज घट्ट असते. लाटेने कलंडवले तरी झटकन सरळ होते. पण कोळसा जळत जातो तसे तळाचे वजन कमी होते आणि जहाजाचा गुरुत्वमध्य वर सरकतो. तळघर मासळीने आणि बर्फाने भरत आले तर ही कमतरता भरून निघते. वाईट काळ मधला असतो: कोळसा बराच संपलेला आणि मासळी अजून पुरेशी नाही. नेमक्या त्याच दिवसांत वादळ गाठते तेव्हा जहाज कागदावरच्या जहाजापेक्षा निराळे झालेले असते.

आता बर्फ. हवा शून्याच्या बरीच खाली गेली आणि वारा जोरात असला की जहाजाच्या नाकावर फुटलेल्या लाटेचे तुषार दोरांवर, तारांवर, डोलकाठ्यांवर आणि चाकघरावर बसता बसता गोठतात. माणसाच्या बोटाएवढी तार मांडीएवढी जाड होते. ढोबळ गणित करून दाखवतो. समजा जहाजाच्या वरच्या भागांचे एकूण पृष्ठफळ दोनशे चौरस मीटर आहे आणि त्यावर पाच सेंटिमीटर बर्फ बसला. हा दहा घनमीटर बर्फ झाला, म्हणजे सुमारे नऊ टन. जहाजाचे एकूण वजन सातशे टन धरा आणि हा बर्फ गुरुत्वमध्यापासून सरासरी सहा मीटर उंचीवर धरा. गुरुत्वमध्य जवळजवळ आठ सेंटिमीटर वर गेला. हे चालण्यासारखे आहे. पण थर पाचपट झाला की पंचेचाळीस टन झाले, आणि गुरुत्वमध्य सुमारे छत्तीस सेंटिमीटर वर गेला. अशा आकाराच्या जहाजाला सरळ उभे करणारी सारी शिल्लकच, म्हणजे गुरुत्वमध्य आणखी किती वर जाऊ शकतो ते अंतर, पुष्कळदा अर्ध्या-पाऊण मीटरची असते. शिवाय पंचेचाळीस टनांनी जहाज खाली दबते, बुटका कठडा आणखी बुटका होतो, डेकवर आलेले पाणी बाहेर सोडणारी कठड्यातली झडपे बर्फाने बंद होतात आणि पाणी डेकवरच साचून राहते. वाऱ्याकडच्या बाजूला बर्फ जास्त बसला तर जहाज कायमचे एका अंगाला झुकते.

हे घडताना समजत नाही का? समजते. घट्ट जहाज चटकन, काहीसे हिसक्याने उठते. वर जड झालेले जहाज सावकाश कलंडते, तिथे क्षणभर रेंगाळते आणि मग उठते. नवख्या माणसाला ही संथ चाल सुखाची वाटते. जाणत्या तांडेलाला ती जाणवली की झोप लागत नाही. डोलण्याचा एक पूर्ण हेलकावा किती सेकंदांचा आहे हे घड्याळावर मोजून जहाजाची स्थिरता अजमावता येते आणि मी प्रत्येक तरुण सर्वेक्षकाला हे आधी शिकवले.

मग बर्फ फोडला का नाही? फोडला. कुऱ्हाडी, हातोडे, पहारी, वाफेच्या नळ्या, सगळे वापरले. पण सर्वांत घातक बर्फ सर्वांत उंच असतो आणि गोठलेल्या डोलकाठीवर वादळात चढता येत नाही. पुढच्या डेकवर माणूस पाठवावा तर तिथे लाट फुटत असते. जानेवारीत त्या अक्षांशावर दिवसाचा उजेड नावापुरता असतो. दोन-तीन दिवस न झोपलेली वीस माणसे जेवढा बर्फ पाडतात त्याहून अधिक पुढच्या तासात बसतो. वाऱ्याला पाठ देऊन निघून जावे म्हटले, तर वळताना काही क्षण जहाज लाटेला आडवे होते, आणि शिल्लक संपत आलेल्या जहाजाला तेवढे क्षण पुरेसे असतात. किनाऱ्याच्या आडोशाला जावे, तर रडारचा फिरता भाग गोठलेला असतो आणि किनारा दिसत नाही. म्हणून स्किपर (जहाजाचे कप्तान) नाक वाऱ्याकडे ठेवून, इंजिन हळू चालवून जागच्या जागी टिकून राहत. तुषार सर्वांत जास्त उडतात तेही याच स्थितीत.

26 जानेवारी 1955 रोजी आइसलँडच्या उत्तरेला ‘लोरेला’ आणि ‘रॉड्रिगो’ हे हलचे दोन ट्रॉलर असेच गेले. ‘किंग्स्टन गार्नेट’ या तिसऱ्या ट्रॉलरच्या पंख्यात तार अडकल्याचे कळल्यावर ते तिच्या मदतीसाठी गेले होते. तिची तार सुटली, पण वादळ त्यांच्यासाठी संपले नाही. दोघेही रेडिओवर इतर जहाजांशी बोलत होते. दुपारी ‘लोरेला’ने आपण कलंडत असल्याचे कळवले आणि आवाज थांबला, काही तासांनी ‘रॉड्रिगो’नेही तेच कळवले. दोन्हींवर मिळून 40 माणसे होती, एकही वाचला नाही. जहाजे जुनी असतील असे कोणाला वाटेल म्हणून मुद्दाम सांगतो: ‘लोरेला’ 1947 ची आणि ‘रॉड्रिगो’ 1950 ची होती. त्या काळाच्या मानाने मोठी, नवी, रडार असलेली जहाजे होती ही. जहाज जुने झाले म्हणून बुडाले, हे स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही.

या दोन जहाजांच्या बुडण्याच्या चौकशीनंतर ब्रिटनमध्ये जहाजबांधणी संशोधन संस्थेने ट्रॉलरच्या नमुन्यावर बर्फ साचण्याचे प्रयोग केले आणि वरच्या तारा व दोर कमी केले, बहुदोरी डोलकाठीऐवजी तीन पायांची डोलकाठी उभारली, तर बर्फाला बसायला जागाच कमी उरते हे पुढे आले. साधी गोष्ट आहे, आणि ती कळायला 40 माणसे जावी लागली याचे मला आजही फार वाईट वाटते.

वजनांचे हे गणित माझ्यासाठी पुस्तकातले राहिलेले नाही. नौकेची स्थिरता मोजण्याची चाचणी शांत पाण्यात, गोदीत करतात. मासळीच्या तळघराच्या तोंडातून लांब दोरीला ओळंबा सोडायचा, तो हलू नये म्हणून त्याचे टोक तेलाच्या बादलीत बुडवायचे, दोरीमागे एक लाकडी पट्टी आडवी ठोकायची. मग डेकवरची मोजलेली वजने एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला ठरावीक अंतर हलवायची आणि दोरी किती सरकली ते पट्टीवर पेन्सिलीने टिपायचे. कोकण किनाऱ्यावरच्या एका गोदीत एका ट्रॉलरची अशी चाचणी घेताना दोरी माझ्या अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट सरकली. मालकाने चाकघरावर एक खोली चढवली होती, वर पाण्याची टाकी बसवली होती आणि जाळे ओढायचा विंच बदलून अधिक जड घेतला होता. यातले काहीही कोणाला कळवले नव्हते. मी प्रमाणपत्र थांबवले. दोन महिन्यांनी ती नौका तशीच समुद्रात गेल्याचे समजले आणि ती परत येईपर्यंत मी रोज बंदरावर विचारत राहिलो. ती परत आली. आपल्या समुद्रात बर्फ नाही, पण तो चढवण्याचे काम माणूस स्वतः करू शकतो.

नुकसानीची बाकी कारणे थोडक्यात. संख्येने पाहिले तर किनाऱ्यावर आणि खडकावर चढलेली जहाजे फार आहेत. रडारच्या आधी धुक्यात आणि हिमवर्षावात होकायंत्र, चाललेले अंतर आणि पाण्याची खोली एवढ्यावरच अंदाज बांधावा लागे, आणि आइसलँडचा दक्षिण किनारा म्हणजे सखल काळी वाळू, जवळ येईपर्यंत दिसतच नाही. 12 डिसेंबर 1947 रोजी फ्लीटवुडचा ‘धून’ लाउत्राब्यार्ग या प्रचंड कड्याच्या पायथ्याशी आपटला. आजूबाजूचे शेतकरी दोर घेऊन कड्यावरून खाली उतरले, जहाजावर दोर फेकला आणि 15 पैकी 12 जणांना एकेक करून आधी किनाऱ्यावर आणि मग कडा चढवून वर आणले. कड्याशी त्यांचे नाते मेंढ्या राखता राखता आणि कड्यावरची अंडी गोळा करता करता जडलेले होते. त्या अनुभवानेच माणसे वाचली.

वाफेच्या जहाजाचे एक खास दुखणेही नोंदवले पाहिजे. कोळशाच्या कोठीची डेकवरची झाकणे नीट बसली नाहीत तर पाणी आत येई. ते पाणी कोळशाची भुकटी घेऊन तळाशी जाई आणि पंपाच्या जाळीत चिखलासारखे अडके. पाणी वाढून भट्टीपर्यंत पोचले की आग विझे, वाफ संपे आणि पंप, विंच व इंजिन तिन्ही एकदमच बंद पडत. वाफ गेलेले जहाज लाटेला आडवे पडते.

युद्धांनी जे नेले ते वेगळेच. त्याआधीही, 21 ऑक्टोबर 1904 च्या रात्री, उत्तर समुद्रातल्या डॉगर बँक या उथळ पट्ट्यावर जाळी टाकून बसलेल्या हलच्या ट्रॉलरांना जपानी टॉर्पेडो बोटी समजून रशियाच्या बाल्टिक आरमाराने त्यांच्यावर तोफा डागल्या. ‘क्रेन’ हा ट्रॉलर बुडाला, दोन माणसे जागीच गेली. पुढे दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश आरमाराने शेकडो ट्रॉलर सुरुंग उचलण्यासाठी आणि पाणबुड्यांवर पाळत ठेवण्यासाठी घेतले, कारण जड तार ओढणे हे त्यांचे रोजचेच काम होते आणि त्यांचे खलाशी कोणत्याही हवेत डेकवर उभे राहत. लोस्टॉफ्टच्या स्मारकावर दुसऱ्या महायुद्धातल्या या गस्ती दलातील 2,385 जणांची नावे आहेत, ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही. युद्ध संपल्यावरही तळाशी राहिलेले सुरुंग जाळ्यात येऊन जहाजावर फुटत राहिले.

1968 च्या जानेवारी-फेब्रुवारीत तीन आठवड्यांच्या आसपास हलचे तीन ट्रॉलर गेले: डिझेलवर चालणारा ‘सेंट रोमॅनस’ आणि वाफेवरचे ‘किंग्स्टन पेरिडॉट’ व ‘रॉस क्लीव्हलँड’. मिळून 58 माणसे. ‘सेंट रोमॅनस’ रेडिओ ऑपरेटरशिवाय निघाला होता आणि त्याचा आवाज थांबल्यावर सुमारे दोन आठवडे शोध सुरू झाला नाही. 4 फेब्रुवारीला ‘रॉस क्लीव्हलँड’ आइसलँडच्या खाडीत आडोशाला असूनही बर्फाच्या भाराने उलटला. त्यावरचा मेट (स्किपरच्या हाताखालचा अधिकारी) हॅरी एडम तेवढा तराफ्यातून किनाऱ्याला लागून जिवंत राहिला. हलच्या हेसल रोडवर राहणाऱ्या लिलियन बिलोका आणि तिच्या सोबतिणींनी सह्या गोळा केल्या, गोदीत जाऊन जहाजे अडवण्याचा प्रयत्न केला आणि लंडनला जाऊन मंत्र्यांपुढे मागण्या मांडल्या: प्रत्येक जहाजावर रेडिओ ऑपरेटर, पुरेसे खलाशी, ताफ्यासोबत डॉक्टर असलेले मदतीचे जहाज. त्याच वर्षी ‘ओर्सिनो’ हे जहाज मदतीसाठी आइसलँडच्या पाण्यात पाठवले गेले. तोवर स्किपर आणि मेट यांची कमाई मासळीच्या विक्रीवर अवलंबून होती, मासळी शिळी होण्याआधी बाजार गाठायचा असे, आणि आपण कुठे मासे धरतो आहोत हे दुसऱ्याला कळू नये म्हणून रेडिओ बंद ठेवणारेही होते. हवामानाला दोष देताना मी हे विसरू शकत नाही.

वाफेच्या ट्रॉलरचा आपल्या किनाऱ्याशीही एक खरा संबंध आला. 1921-22 मध्ये तेव्हाच्या मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ हा वाफेचा ट्रॉलर मुंबईबाहेरच्या समुद्रात चालवून पाहिला. मासळी मिळाली, पण खर्च भरून निघाला नाही आणि प्रयोग थांबवण्यात आला.

शेवटी, ज्यांना असे जहाज आज कुठे आहे हे जाणून घ्यायचे असेल त्यांच्यासाठी. 1906 मध्ये बेव्हर्ली येथे बांधलेला ‘व्हायोला’ हा हलच्या हेलियर यांच्या ताफ्यातला ट्रॉलर. या मालकांकडे जहाजांना शेक्सपिअरच्या पात्रांची नावे देण्याची रीत होती आणि पुढचा ‘रॉड्रिगो’ही त्यांचाच. ‘व्हायोला’ने डॉगर बँकवर मासे धरले, पहिल्या महायुद्धात गस्त घातली, मग नॉर्वेत आणि तिथून दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटावर सील आणि देवमाशांच्या कामाला गेला. त्या बेटावरच्या ग्रिटव्हिकेन येथे तो अनेक वर्षे पडून होता, 1974 मध्ये धक्क्यालाच बुडाला आणि 2004 मध्ये वर काढण्यात आला. गंजलेला आहे, पण त्याचे मूळचे तीन सिलिंडरांचे इंजिन आणि बॉयलर अजून जागेवर आहेत. त्याची घंटा नॉर्वेतल्या एका शेतावर सापडली आणि हलला परत आली.